रातांब्याची साल, बिनमिठाची

मागच्या वर्षी जूनमध्ये माझ्या टेबलावरच्या काचपात्रातली जेल बघता बघता पाण्यासारखी पातळ झाली. सकाळी तीच जेल चमच्यावर उभी राहत होती. मी तिच्यात फक्त आमसुलाचा अर्क घातला होता, शंभराला दोन या प्रमाणात. पुन्हा नवी जेल केली, पुन्हा तेच झालं. अर्धा दिवस मी अर्काला दोष देत होते, मग जेलच्या पावडरीला, मग पाण्याला. संध्याकाळी अर्काचा एक थेंब जिभेच्या टोकाला लावला आणि लख्खकन कळलं. खारट.

बाजारातलं आमसूल, म्हणजे रातांब्याची (कोकमाच्या फळाची) साल, बहुतेक वेळा मीठ लावूनच सुकवलेलं असतं. आमची जेल कार्बोमरची, म्हणजे पाणी घट्ट करणाऱ्या एका पावडरीची. कार्बोमरचे लांबलचक धागे पाण्यात एकमेकांना दूर ढकलत फुगतात, म्हणून जेल घट्ट होते. मीठ आलं की ते ढकलणं थांबतं, धागे आकसून बसतात आणि जेलचं पाणी होतं. यात नवीन शोध काही नाही, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे शिकवतात. मी कुडाळ तालुक्यातली. घराच्या खळ्यात रातांब्यांच्या सालीला मीठ लावलेलं बघत मोठी झाले. तरी प्रयोगशाळेत शिरताना ही माहिती मी चपलांबरोबर बाहेरच काढून ठेवली होती.

त्या दिवसापासून मी वहीत प्रत्येक नमुन्यापुढे एक जास्तीचा रकाना आखला: 'कोणी सुकवलं, कसं सुकवलं'. गेल्या दोन वर्षांत तेवीस वनस्पतींचे अर्क आम्ही चाळले. त्या सगळ्यातून मला सांगावंसं वाटतं ते या रकान्यातच आहे, म्हणून हे लिहायला बसले.

आमची जागा भोसरीला आहे, दोन खोल्या, आम्ही तिघीजणी. साबण, क्रीम, फेसवॉश करणारे छोटे उत्पादक आमच्याकडे येतात. बहुतेकांची मागणी एकच असते: आपल्या मातीतलं काहीतरी द्या, लोकांना सांगता येईल असं. मला ही मागणी मनापासून आवडते. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना इतकं काही उगवतं आणि आपण फ्रान्सहून आलेल्या लॅव्हेंडरच्या तेलाचे दर विचारत बसतो. एका मागणीला मात्र मी सरळ नाही म्हणते. 'गोरं करणारं काही द्या' असं कोणी म्हटलं की त्यांना चहा देऊन परत पाठवते. उन्हाचे डाग, बाळंतपणानंतर उठलेला वांग, मुरमांमागे राहिलेले काळे व्रण, यांवर काम करायला मी तयार आहे. कातडीच्या जन्माच्या रंगावर नाही.

आमच्या यादीत काय काय होतं? धायटीची फुलं, अनंतमूळ, मंजिष्ठा, नागरमोथा, हिरडा, ऐनाची साल, आवळा, करंज, उंडी, सुरंगीच्या कळ्या, बावची, लोध, आंबेहळद, वाळा, आणि रातांब्याची साल. आणखीही होत्या, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. वाळवायचं, कुटायचं, सत्तर टक्के अल्कोहोलात दोन दिवस भिजवायचं, गाळायचं, अल्कोहोल उडवायचं. खाली उरतो तो गडद, चिकट गोळा. तो काकवीसारखा दिसतो आणि प्रत्येकाचा वास वेगळा. अनंतमुळाचा अर्क काढला त्या आठवड्यात आमच्या दोन्ही खोल्यांना सरबताचा वास होता.

मग पहिली चाळणी. ९६ खळग्यांची प्लास्टिकची प्लेट असते, पोस्टकार्डापेक्षा जरा लहान. प्रत्येक खळग्यात डीपीपीएच नावाच्या रसायनाचं जांभळं द्रावण, गडद, पिकल्या जांभळाच्या रसासारखं. त्यात अर्काचा थेंब सोडला आणि अर्कात ऑक्सिडेशन रोखायची ताकद असली तर जांभळा रंग उतरत उतरत पिवळा होतो. अर्ध्या तासाने यंत्र ५१७ नॅनोमीटरवर रंग मोजतं. हे बघायला मला अजूनही आवडतं. हिरड्याचा खळगा थेंब पडता पडताच पिवळा पडतो, वाळ्याचा रेंगाळतो. आमच्याकडे शिकायला आलेली मुलगी पहिल्या दिवशी प्लेट खिडकीशी धरून म्हणाली, "ताई, ही तर रांगोळी झाली."

त्या रांगोळीत रातांबा नापास झाला. अगदी खालच्या नंबरात. मला पटेना, कारण रातांब्याची साल अँथोसायनिनने, म्हणजे ऑक्सिडेशन रोखणाऱ्या लाल रंगाने, भरलेली असते, म्हणून तर आगळ लाल असतं. मी त्या शिकाऊ मुलीला विचारलं, "नुसत्या अर्काचा रंग वजा केलास का?" तिने केला नव्हता. अँथोसायनिनचा लाल रंगही जवळपास त्याच तरंगलांबीवर प्रकाश शोषतो. म्हणजे डीपीपीएचचा जांभळा उतरत होता, पण रातांब्याचा लाल तिथेच होता, आणि यंत्राला दोन्ही सारखेच. डीपीपीएच न घालता नुसत्या अर्काचे खळगे भरून ते आकडे वजा केले तेव्हा रातांबा मधल्या फळीत आला. मी तिला रागावले नाही. लाल, पिवळ्या, हिरव्या अर्कांच्या बाबतीत ही चूक किती ठिकाणी होत असेल आणि किती चांगली झाडं पहिल्याच पायरीवर बाद होत असतील, या विचाराने मात्र मला दोन दिवस अस्वस्थ केलं.

दुसऱ्या चाळणीत उलटं झालं. टायरोसिनेज हे आपल्या कातडीत मेलॅनिन, म्हणजे कातडीचा काळसर रंग, तयार होतानाचं पहिलं एन्झाइम. ते अडवलं तर डाग फिके व्हायला मदत होते, हा हिशेब. माणसाचं एन्झाइम महाग आणि मिळायला अवघड, म्हणून जगभर अळंबीतून काढलेलं वापरतात, भाजीत घालतो त्या पांढऱ्या बटण मशरूममधलं. त्याला एल-डोपा, म्हणजे मेलॅनिनचा कच्चा माल, खायला दिलं की द्रावण हळूहळू तांबूस-नारिंगी होतं. अर्काने एन्झाइम अडवलं तर रंग येत नाही. रातांब्याच्या खळग्यांत रंग जवळजवळ आलाच नाही. सगळ्यांत वरचा नंबर! त्या रात्री मी घरी जाताना बसमध्ये उभी राहून कागदावर आकडेमोड करत होते, किती किलो साल लागेल याची.

सकाळी डोकं शांत झाल्यावर उरलेल्या खळग्यात पीएचची, म्हणजे आंबटपणा मोजायची, पट्टी बुडवली. एन्झाइमला पीएच ६.८ लागतो, बफर, म्हणजे पीएच स्थिर धरणारं द्रावण, तेवढ्याचाच होता. पट्टी त्याच्या पार खाली गेलेली. रातांब्याच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल भरपूर असतं आणि आमचा बफर त्याच्यापुढे टिकला नव्हता. एन्झाइमला कोणी अडवलंच नव्हतं, ते आंबटात बुडून निकामी झालं होतं. लिंबाचा रस घातला असता तरी तेच दिसलं असतं. अर्काचा पीएच आधी बरोबर करून, बफर दुप्पट करून पुन्हा लावलं तेव्हा वरचा नंबर गेला. थोडाफार परिणाम उरला, सांगण्यासारखा नाही.

हिरडा आणि ऐन यांची गोष्ट तशीच, कारण वेगळं. दोघांत टॅनिन ठासून भरलेलं. टॅनिन कुठल्याही प्रथिनाला चिकटतं, म्हणून तर त्याने चामडं कमावतात आणि म्हणून हिरडा चघळला की तोंड आवळून येतं. टायरोसिनेज हे प्रथिन, आणि कातडी ताठ धरणारे धागे तोडणारी कोलॅजिनेज आणि इलास्टेज ही एन्झाइमंही प्रथिनंच. टॅनिन तिघांनाही गच्च धरून गाळात बसवतं आणि कागदावर उतरतं की हे झाड डागांवर चालतं, सुरकुत्यांवर चालतं, सगळ्यावर चालतं. सगळ्यावर चालणाऱ्या अर्काचा मला आता संशय येतो. अशा अर्कातलं टॅनिन आम्ही आधी पॉलिअमाइडच्या भुकटीतून गाळून काढतो आणि मग उरलेल्यात काही दम आहे का ते बघतो. बहुतेक वेळा नसतो. आवळ्याचं आणखी निराळं: त्यातली आम्लं आणि क जीवनसत्त्व डोपापासून नुकत्याच तयार झालेल्या डोपाक्विनोनला परत डोपा करून टाकतात, त्यामुळे रंग उशिरा येतो. पाच मिनिटांनी मोजलं तर आवळा हिरो, चाळीस मिनिटांनी मोजलं तर साधाच.

आणि हे सगळं निस्तरून जे उरेल तेही अळंबीच्या एन्झाइमपुरतंच. २०१८ मध्ये हॅम्बुर्गच्या एका चमूने माणसाचं टायरोसिनेज वापरून ५०,००० रसायनं चाळली. त्यात दिसलं की ज्याला आपण सगळे मापदंड म्हणून वापरतो ते डाग फिके करणारं कोजिक आम्ल माणसाच्या एन्झाइमवर फारच दुबळं आहे. त्यांना जे चांगलं सापडलं ते अळंबीच्या एन्झाइमवर जेमतेम चालत होतं. मी हे वाचलं तेव्हा माझ्या वहीतली सहा महिन्यांची पानं समोर होती. ती मी फाडली नाहीत. त्यांच्यावर लाल पेनाने 'अळंबी' एवढंच लिहिलं.

आता बावची. हे लिहायला जड जातं, पण लिहायलाच हवं.

बावचीच्या बियांतून बाकुचिओल निघतं. आज जगभरच्या महागड्या सीरमच्या बाटल्यांवर सुरकुत्यांवर लावायच्या रेटिनॉलला पर्याय म्हणून हेच नाव असतं. ते पहिल्यांदा वेगळं काढून जगापुढे ठेवलं पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, १९६६ मध्ये, मेहता, नायक आणि सुख देव या तिघांनी. पाषाण रोडवरून जाताना मला दर वेळी हे आठवतं. रचनेने ते रेटिनॉलसारखं अजिबात नाही. तरीही २०१८ साली आलेल्या एका अभ्यासात ४४ जणांनी बारा आठवडे अर्धा टक्का बाकुचिओल किंवा अर्धा टक्का रेटिनॉल लावलं, आणि सुरकुत्या आणि डाग दोन्ही गटांत सारखेच कमी झाले. कातडी सोलवटणं आणि चुरचुरणं रेटिनॉलवाल्यांना जास्त झालं. अभ्यास छोटा आहे, पण नीट केलेला आहे.

पण बाकुचिओल म्हणजे बावची नव्हे. त्याच बियांत सोरालेन असतात. सोरालेन कातडीत शिरले आणि वर ऊन पडलं की कातडी भाजते. कोडावर बावची लावतात ती याच गुणासाठी, वैद्याच्या देखरेखीखाली, मोजून ऊन घेत. आमच्या आजीलाही ठाऊक होतं: बावची लावली तर उन्हात जायचं नाही.

मलाही ठाऊक होतं. तरी एका शनिवारी बावचीचा कच्चा अर्क क्रीममध्ये कसा मुरतो, तेल वर येतं का, हे बघायला मी तो डाव्या मनगटाच्या वरच्या बाजूला लावला. पुसला. धुतला असं मला वाटलं. दुपारी स्कूटरवरून नाशिक फाट्यापर्यंत गेले आणि आले, एप्रिलचं ऊन. त्या दिवशी काही नाही, दुसऱ्या दिवशी जरा लाली. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन बोटं रुंद फोड आला होता. सोरालेनचं हे असंच असतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते चढतं, साध्या उन्हाच्या भाजण्यासारखं लगेच नाही. फोड आठवड्यात बसला. त्याच्या जागी पडलेला कॉफीच्या रंगाचा डाग मात्र पुढचे सात महिने माझ्या हातावर होता. माणसांच्या डागांवर काम करणारी मी, आणि माझ्या हातावर माझ्याच अर्काने केलेला डाग. लोकांना हात दाखवायला मला लाज वाटायची नाही, उलट मी मुद्दाम दाखवायचे. 'आयुर्वेदिक आहे, त्याने काय होणार' असं म्हणणाऱ्या प्रत्येक ग्राहकापुढे मी बाही वर केली.

कोकणात बिब्बा उतलेली माणसं सगळ्यांनी पाहिलेली असतात. झाडातलं विष आपल्या लोकांना कधी नवीन नव्हतं. ते विसरायला आपण शहरात येऊन शिकलो.

तेव्हापासून कुठलाही अर्क माणसाच्या कातडीजवळ जाण्याआधी प्रकाशाची चाचणी बाहेरच्या प्रयोगशाळेतून करून आणायची, असा नियम मी घातला. उंदराच्या पेशी दोन प्लेटमध्ये वाढवतात, दोन्हींत अर्क घालतात, एक अंधारात ठेवतात आणि एकीवर यूव्हीए किरण सोडतात. उजेडातल्या पेशी जास्त मेल्या तर झाड उन्हात जाण्याच्या लायकीचं नाही. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करायला २०१४ पासून बंदी आहे, ती योग्यच आहे, आणि ही पेशींची पद्धत त्या जागी चांगली चालते. खर्च आमच्या महिन्याच्या भाड्याहून जास्त येतो. तो मी ग्राहकाला पहिल्या भेटीतच सांगते. काही जण उठून जातात.

लोधाचं थोडक्यात सांगते. एका ग्राहकाला लोधच हवा होता, चेहऱ्याच्या लेपांत तो पूर्वापार आहे. व्यापाऱ्याकडून साल आणली. तिची ओळख पटवायला वनस्पतितज्ज्ञांकडे गेले तर त्यांनी विचारलं, पान कुठे आहे, फूल कुठे आहे? नुसत्या सालीवरून शपथेवर कोण सांगणार? अशोकाच्या नावाखाली आसुपालवाची साल बाजारात सर्रास विकली जाते, मग लोधाच्या नावाखाली काय असेल कोणास ठाऊक. व्यापाऱ्याला झाड दाखवायला सांगितलं, तो टाळत राहिला. पण खरा प्रश्न ओळखीच्याही पुढचा होता. ग्राहकाच्या मालाला वर्षाला जेवढी साल लागणार होती तिचा हिशेब मी मांडला आणि मग उभं झाड डोळ्यांपुढे आणलं. साल म्हणजे झाडाची कातडी. बुंध्याभोवती ती सोलली की झाड उभं सुकतं. आपली कातडी नितळ करायला दुसऱ्याची सोलायची, हे मला जमलं नाही. लोध मी यादीतून काढला. आता कुठल्याही रानझाडाची साल मी चाचणीला घेतच नाही, फळाचं टरफल, गळलेलं पान, बी, असं काही चालत असेल तरच घेते. रानातून आणलेल्या वनस्पतीचा व्यापारी वापर करायचा तर जैविक विविधता कायद्याखाली नागपूरच्या राज्य मंडळाशी पत्रव्यवहारही येतो. पुष्कळ जणांना तो जाच वाटतो. मला वाटत नाही. किती साल, कुठून, कोणाकडून, हे लिहून काढावं लागतं, आणि लिहिताना माणूस विचार करतो.

म्हणून मी परत रातांब्याकडे आले. रातांब्यात झाडाला काही इजा नाही. फळ पडतं, साल आमसुलाला जाते, बी तेलाला, गर आगळात. मला हवी होती फक्त बिनमिठाची साल.

यंदा मे महिन्यात आठ दिवस सुट्टी काढून घरी गेले. आमच्या शेजारच्या काकूंच्या परसात रातांब्याची नऊ झाडं आहेत. त्यातली दोन दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या कोकण अमृता जातीची कलमं, बाकीची बियांपासून उगवलेली. बियांपासूनच्या झाडांत नर निघतात, काकूंकडे तसे दोन आहेत, उंच, गडद पानांचे, फळ एक नाही. काकू ते तोडत नाहीत.

पहाटे पडलेली फळं परडीत गोळा करायची, सकाळी खळ्यावर बसून फोडायची. अर्ध्या तासात दोघींची बोटं जांभळट-लाल झाली. नखांच्या कडेला तो रंग आठवडाभर टिकतो. माझ्या आईच्या नखांत मे महिनाभर तो असायचा, आणि पुण्यात आल्यावर पहिल्यांदा मला कोणी विचारलं होतं की तुझ्या आईने मेंदी लावली होती का. साल एका टोपलीत, बी-गर दुसऱ्या. काकूंनी सवयीने मिठाच्या डब्याला हात घातला. मी म्हटलं, "काकू, मीठ नको."

त्यांनी डबा तसाच हातात धरून माझ्याकडे पाहिलं. "मिठाशिवाय बुरशी धरतली गो. पाऊस कधी येयत सांगाक येना नाय."

काकूंचं खरं होतं. मीठ चवीसाठी नंतर, टिकण्यासाठी आधी. मी गावातल्या बचत गटाचा सौर वाळवणी पेटारा काही दिवसांसाठी मागून आणला. साल पातळ कापून, एकावर एक न ठेवता पसरली. पहिल्या वेळी कडा करपल्या, कारण दुपारी मी झरोके उघडले नाहीत. दुसऱ्या वेळी काकूंनीच लक्ष ठेवलं, दर तासाला हात आत घालून बघत होत्या. तिसऱ्या दिवशी साल मोडताना कट्‌ असा आवाज आला. काकूंनी एक तुकडा मोडला, हुंगला आणि म्हणाल्या, "झाली."

एका संध्याकाळी त्यांनी गेल्या वर्षीच्या बियांचं तेल काढलं. मी हे लहानपणी शेकडो वेळा पाहिलं होतं, पण या वेळी बसून पाहिलं. बियांची टरफलं काढून आतला गोटा कुटला, पाण्यात घालून चुलीवर चढवला. तासाभराने वर तवंग यायला लागला, आधी डोळे डोळे, मग सलग. तो पळीने अलगद काढून वाडग्यात. रात्री वाडगा ओट्यावर, सकाळी आत पांढुरका दगड. तो हातात धरून वळायचा, हाताच्या उबेने कडा मऊ होतात आणि गोळा गुळगुळीत होतो. आमच्याकडे याला भिरंडेल म्हणतात. हे चरबट चाळीस अंशांच्या आसपास वितळतं. खोलीत ते दगड, कातडीवर घासलं की हळूहळू सुटतं, म्हणून भेगांत बसून राहतं. परदेशी कंपन्या हेच कोकम बटर म्हणून घेतात. मी काकूंना म्हटलं की मी यावर काम करते आहे.

"ह्यात नवीन ता काय गो?" काकू म्हणाल्या. "आमी जल्मभर टाचांका लावतंव."

त्या वाक्याने मला पुढची वाट दिसली. आतापर्यंत मी सालीचा पाण्यात विरघळणारा भाग क्रीममध्ये घालायची धडपड करत होते. तो लाल रंग पीएच तीनच्या खालीच खुलतो, कातडीला साजेसा साडेपाचला आणला की फिका पडतो आणि महिन्याभरात क्रीम मळकट तपकिरी. आम्ल क्रीमची घडी मोडतं. पाणी आलं की बुरशी आली, बुरशी आली की प्रिझर्वेटिव्ह आलं. पण सालीत आणखी एक गोष्ट असते, गार्सिनॉल. पिवळं, तेलात विरघळणारं, ऑक्सिडेशन रोखणारं. ते काही माझा शोध नाही, त्यावर पुष्कळ काम झालेलं आहे. माझ्या डोक्यात आलं ते इतकंच की त्याच फळाच्या सालीतलं हे पिवळं त्याच फळाच्या बियांच्या तेलात विरघळवावं. पाणी नाही, म्हणून पीएच नाही, आम्ल नाही, जेल नाही. टाचेला, कोपराला, ओठाला लावायचा साधा बाम.

पुण्याला परत आल्यावर काकूंची सव्वातीन किलो साल अल्कोहोलात भिजवली, पाण्यात विरघळणारा भाग वेगळा केला, पिवळा भाग ठेवला. भिरंडेल मंद पाणभांड्यावर वितळवून त्यात तो सोडला. पहिल्या खेपेला बाम थंड होताना रवाळ झाला, बोटाखाली वाळूसारखा. कोकमतेलाला ही खोड आहे, सावकाश गार झालं की मोठे स्फटिक धरतं. दुसऱ्या खेपेला डबी बर्फाच्या पाण्यात बसवून झटकन गार केली, तेव्हा गुळगुळीत झाला. रंग फिकट पिवळा, पिकल्या केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूचा. पांढऱ्या रुमालाला डाग पडतो, म्हणून प्रमाण निम्मं केलं, मग निम्म्याचं निम्मं. आता डाग पडत नाही.

प्रकाशाच्या चाचणीचा निकाल गेल्या मंगळवारी आला. अंधारातल्या आणि उजेडातल्या पेशींत फरक नाही. मी तो कागद दोनदा वाचला आणि मग माझ्या डाव्या मनगटाकडे पाहिलं. डाग आता शोधावा लागतो.

पॅच टेस्ट पुढच्या महिन्यात, स्वयंसेवकांवर, त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली. बाराच्या बारा डब्या चाळीस अंशांच्या कपाटात आहेत, तीन महिन्यांपैकी पाच आठवडे झाले. एक तेरावी डबी खिडकीत उन्हात ठेवली आहे, ती कुठल्याच नियमात बसत नाही, पण माणसं डब्या खिडकीतच ठेवतात. तिचा वरचा थर किंचित फिकटला आहे. बाम डागांवर चालतो असा दावा मी करणार नाही. कोरड्या, भेगाळलेल्या कातडीसाठी एवढंच लेबलवर येईल. मुंबईचा जो उत्पादक घेणार आहे त्याला 'अँटी-एजिंग' हवं होतं. आमचं अजून बोलणं चालू आहे.

काल रात्री काकूंचा फोन आला. पुढच्या वर्षी किती साल लागेल, विचारत होत्या. मी वीस किलो म्हटलं आणि आमसुलाचाच दर धरला. त्या थांबल्या. मग त्यांनी मला हिशेब सांगितला: आमसुलात मिठाचं आणि वर दिलेल्या रसाच्या पुटांचं वजन असतं. बिनमिठाची साल हलकी, तेवढ्याच फळांत किलो भरतच नाही. शिवाय पेटाऱ्याशी दर तासाला उठावं लागतं, आणि पाऊस आला तर माल मिठाने वाचवता येणार नाही, तो गेलाच. हे सगळं मला सुचायला हवं होतं. वहीत तो रकाना मीच आखला होता.

"दर मी सांगतलंय," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी सांगितला. आमसुलाच्या पावणेदोनपट. मी तो तसाच वहीत लिहून घेतला.